नमुना क्रमांक सात

मनोरीच्या फेरीबोटीत मांडीवर बर्फाची पेटी.
शेजारचा विचारतो, "बोंबील काय?"
मी नुसती मान हलवते.
आत सात कुप्या, सात गोचिडी,
इनास किणीच्या खुराड्यातून चिमट्याने काढलेल्या.

खुराडं आता रिकामं आहे.
सोळा डुकरं होती. अकरा आपसूक गेली,
कान जांभळे पडत, तापाने भिंतीला टेकून.
उरलेली पाच आम्ही.
खड्डा त्याच्याच चिकूखाली, चुना पालिकेचा.

तो एवढंच विचारत राहिला,
"बाय, या किड्यानंच आणलं का?"
त्याला एक नाव हवं होतं,
शिव्या घालता येतील असं, लहानसं.

काय सांगायचं?
आफ्रिकेत एक मऊ गोचीड असते,
तिकडच्या रानडुकरांच्या बिळात.
रात्री घटकाभर पिते, परत फटीत शिरते
आणि वर्षानुवर्षं उपाशी बसते
तो ताप पोटात जपून.
पण ती तिकडची.
या सातजणी टणक पाठीच्या,
बहुधा कुत्र्याच्या कानावरून उतरलेल्या.
यांच्याविरुद्ध अजून तरी धड पुरावा नाही.

समजा, प्रयोगशाळेने कळवलं, सातवीत विषाणू आहे,
तरी काय ठरलं?
आजारी रक्त प्यायली, इतकंच.
पुढच्याला दिलं का, ते वेगळं.

हे मी समजावत होते, तर
इनासची ब्रिजिट चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली,
"म्हणजे चुगली ऐकली.
सांगितलीच, असं नाय."
चार वर्षं शिकले मी, हे वाक्य कुणी दिलं नाही.

खुराड्याच्या दारात निळं पिंप होतं.
रिसॉर्टांचं उष्टं, रोज टेम्पोने येणारं:
भात, लिंबाच्या फोडी, सॉसेजचे तुकडे.
त्याबद्दल इनासने काही विचारलं नाही.
मीही झाकण हळूच ठेवलं, भांडं झाकावं तसं,
आणि वहीत मात्र लिहिलं.

आता खाडीच्या मध्यावर
माझं लक्ष माझ्याच गमबुटांकडे.
सोमवारी हेच घालून मी उत्तनला होते,
दुसऱ्या खुराड्यात, दुसऱ्या चिखलात.
औषधात बुडवले होते. ब्रशने घासले होते.
टाचेच्या खाचा घासल्या होत्या ना?

बर्फातही सातवी पाय हलवते,
काचेवर चढते, घसरते.
शेजारचा पुन्हा वाकून बघतो,
"ताजे दिसतात."