मापांची वही

ब्लाउजच्या मापांची वही होती, निम्मी कोरी.
छाती, कंबर, बाही, उंची,
रकाने आधीच आखलेले.
त्यातच उतरवून घेतलं मी
पांझरेकाठचं आमचं समाध्यांचं रान.

आमचे मेलेले निजत नाहीत.
गोसाव्याला बसवून पुरतात, मांडी घालून,
भोवती मीठ, वर माती, मातीवर दगड.
पलीकडून सुरतेची गाडी जाते
तेव्हा रूळ वाजतो आणि मला दर वेळी वाटतं,
आता कुणीतरी मांडी बदलेल.

टेप गळ्यात, शिंप्याचा खडू हातात.
खडू आडवा धरून हलकेच फिरवला
की दगड पांढरा होतो
आणि खोदलेलं अक्षर तेवढं काळं उरतं.
दौलतगिर. सोमवारगिर. नथ्थूपु—
पुढचं बकऱ्यांनी अंग घासून नेलं.

बायकांच्या दगडांवर अक्षर नाही.
तिथे ठगूमाय पुढे होते.
झाडू काखेत, तरवडाची काटकी दातांत,
एकेका दगडाला पायाच्या अंगठ्यानं नव्हे, हातानं शिवून सांगते:
"हाई सोनपुरीनी माय.
हाई त्यानी दुसरी बायको, भाकर मोठी करे."
आणि ही, कडेची?
"तिले बठ्ठा काकू म्हनेत."
नाव?
ठगूमाय बराच वेळ नदीकडे बघते.
नदीत तेव्हा पाणी नव्हतं.
मी लिहिलं: काकू. भिंतीपासून नऊ फूट.

एक दगड आमचा नाहीच.
रूळ टाकायला आलेल्या टोळीतला कुणी,
तापानं गेला, नाव कळण्याआधी.
पण त्यालाही बसवलंय आमच्यासारखंच,
मीठही घातलं असेल,
मीठ तेव्हा महाग होतं, असं ठगूमाय म्हणते.

आखाजीला घागरी भरून झाल्यावर
लिंबाखाली वही वाचून दाखवली.
माहेरी आलेल्या पोरी होत्या, झोके सोडून आलेल्या,
चार म्हातारे, आणि मोबाइल उंच धरलेला एक भाचा,
त्यातून उधना, अंकलेश्वर, पुणे ऐकत होतं.
मला एवढ्या लोकांत बोलायची सवय नाही.
मी मापं वाचते तसं वाचलं, एका सुरात.

रात्री उधन्याहून फोन.
आमच्या पणजोबांचं नाव उखर्डू लिहिलंय तुम्ही,
उत्तमगिर करा. पोरांच्या सोयरिकी आहेत.
पैसेही पाठवतो म्हणाले, कुंपणाला.
कुंपण हवं होतं. वेडी बाभूळ आत शिरलीय.

सकाळी ठगूमायला विचारलं.
तिनं सांगितलं, त्याच्या आईची पाच गेली होती.
सहावं झालं तेव्हा उकिरड्यावर लोळवून आणलं,
मरणाला वाटावं, केरच आहे.
"मंग जगना," ती म्हणाली, आणि झाडायला लागली.

मी उधन्याला कळवलं: नाव राहील.
खाली बारीक लिहीन, आईनं का ठेवलं ते.
कुंपणाचे पैसे अजून आलेले नाहीत.

आता दुकानात गिऱ्हाईक येतं,
मी वही उघडते, बाही साडेसहा,
समोरच्या पानावर तिच्या सासऱ्याची आजी.
बायका आधी दचकतात,
मग वाकून विचारतात, आणि ही कोण?

परवा ठगूमाय काकूशेजारच्या मोकळ्या जागेत
झाडू बाजूला ठेवून खाली बसली.
मांडी घालताना गुडघा वाजला.
पदर सारखा केला, पाठ ताठ केली.
"मनं माप लई ले," म्हणाली,
"जागा पुरस का, देख."

मी टेप जमिनीला टेकवला,
डोक्यापर्यंत नेला, विरळ केसांवर बोट ठेवलं.
दोन फूट तीन इंच.
वहीत लिहिलं, पेन्सिलनं.
नावाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं,
तर हसली,
आणि पहिल्यांदाच
माहेरचं नाव सांगितलं.