बिडाची किटली

मागची फुटली ती माझ्याच घाईनं.
रात्रभर चुलाण्यावर कोरडी तापलेली,
मी उठले डोळ्यांत झोप घेऊन
आणि बादलीतलं गार पाणी ओतलं.
टक्.
चोवीस हिवाळे बडबडली, त्यातला हा शेवटचा शब्द.

तेव्हापासून घरातली हवा पापडासारखी.
सकाळी नाकात रक्त, मांजरीला हात लावला तर ठिणगी,
आणि भिंतीवरचं सासऱ्यांचं फिडल
सांध्यात उकलू लागलेलं.

फेब्रुवारी. नदीपलीकडे कॅनडा पांढरा,
अलीकडे आम्ही पांढरे.
ओनेझिमच्या दुकानात बूट झटकले, म्हटलं,
वाफेसाठी किटली दाखव, टिकणारी.

तांब्याची काढली. आतून कल्हई.
पाणी आटलं की कल्हई वितळणार, मग?
निळ्या एनॅमलची काढली, फार देखणी,
पण तोटीपाशी आत्ताच टवका.
स्टीलची शिट्टी वाजवते म्हणाला.
घरात शिट्टी वाजवणारा एक होता, म्हटलं,
त्याला पुरून आठ वर्षं झाली.

बिडाची नवी, जड, खोक्यातली.
"आतून लेप आहे?"
"आहे म्हणतात."
म्हणतात-वर मी पैसे देत नाही.
अंगठीनं वाजवली. आवाज बद्द,
ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा.

मागच्या फळीवर, जुन्या कुलपांच्या शेजारी,
एक काळी बसली होती पाठ करून.
दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेली.
तार ओळखीची.
"झेलीची ना?"
"लेकानं आणून टाकली. ती ऑक्टोबरात वृद्धाश्रमात गेली,
तिथं भिंतीतूनच ऊब येते."
वाजवली. आवाज लांबवर गेला,
रंगाच्या डब्यांमागून परत आला.

आत बोटभर चुना, तिच्या विहिरीचा.
"घासून देऊ?"
खुळा आहेस का, तो थरच तिला गंजू देत नाही.
नऊ डॉलर म्हणाला, मी सहा म्हटलं.
सातवर आलो,
आणि मग दोघांनाही थोडी लाज वाटली.

मार्चमधल्या एका रविवारी झेलीला जेवायला आणलं.
तिच्या डोळ्यांना आता फक्त खिडक्या दिसतात.
किटलीचं मी काही बोलले नव्हते,
कसं बोलणार, तिच्या घराला तर गिऱ्हाईक येऊन गेलेलं.
मी प्लॉयचं पीठ कालवत होते,
ती सांगत होती, तिथलं सूप किती अळणी,
शेजारची बाई झोपेत कुणाला तरी कोंबड्या मोजायला लावते,
आणि मधेच थांबली.
मान कलती केली, माझ्याकडे नाही, चुलाण्याकडे.

"आटत आलंय," म्हणाली.
"घाल. गार नको हं."

मी कोमट पाणी आणायला वळले.
पाठीमागे ती आपल्या जुन्या फ्रेंचमध्ये
हळू आवाजात
कुणाला तरी रागावत होती.