क्रमांक एक्केचाळीस

प्रदर्शन ट्रकांतून आलं, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी,
हंबरचं पाणी ओसरून नुसता चिखल चकाकत असताना.
डंडीहून आलेलं, मेअखेर प्लिमथला जाणारं.
तंबू नाही, कनात नाही,
अख्खं हल शहरच अंगावर ओढून बसलं:
बंद पडलेली बँक, गोदीचं कुलूपघर, एक चर्च,
बसस्टँडची मागची भिंत,
आणि 'हिरव्या आल्याचा मुलूख' नावाची ती गल्ली
(खरंच आहे. नाव कुणी ठेवलं, कुणालाच नक्की ठाऊक नाही.
आलं मात्र मिळत नाही तिथे).

माझ्या वाट्याला आलं मासे धुरावण्याचं जुनं धुरीघर.
एकतीस वर्षं इस्पितळात रात्रपाळ्या केल्यावर
पिवळं जाकीट घालून खुर्चीत बसणं म्हणजे सुट्टीच.
काम एवढंच: कशाला हात लावू द्यायचा नाही
आणि स्वच्छतागृह कुठे, ते सांगायचं.

आयोजकांनी भिंती तीनदा धुऊन घेतल्या होत्या.
विटांनी ऐकलं नाही.
दार उघडलं की आधी भेटायची हेरिंग,
शंभर वर्षांची, ओकच्या भुशात धुरावलेली.
लोक नाक वर करून विचारत,
"हा वासही कलाकृतीचाच भाग का?"
मी हर्णैची. सुक्या बांगड्यांच्या पाट्यांमागे लपाछपी खेळलेली.
म्हणायची, "हो. सगळ्यात जुना भाग."

पडद्यांवर निळा समुद्र हलत होता.
कुणी काचेचे दोनशे ओठ टांगले होते.
एका मुलानं जमिनीवर मिठाचा नकाशा काढलेला,
रोज सकाळी त्याचा फोन, मीठ ओलं झालं का?
झालेलं असायचं. बंदर आहे, बाबा.

दुसऱ्या आठवड्यात नोरीन गार्बट आली.
डोक्याला रुमाल, मागे चाकांची पिशवी.
समुद्राकडे बघितलं नाही, ओठांकडे नाही.
कोपऱ्यातल्या भिंतीसमोर थांबली,
जिथे काहीच नव्हतं, एक गंजका आकडा सोडून.
"पंधराची होते. इथून तिथवर काठ्या,
एका काठीला वीस मासे, डोळ्यांतून ओवलेले."
मग बराच वेळ गप्प. मग,
"बोटीवर चढायच्या आधी भाऊ भेटायला आला,
टोपी ह्याच्यावर विसरला.
मी नाही हलवली.
मालकानं हलवली, ईस्टरच्या सफाईत."

रोज अकराला यायची.
लोक तिला बघत, आणि हळूच पत्रकात शोधत
हिचं नाव कुठे छापलंय.

माझ्या खणात क्रमांकांचे जास्तीचे गोल होते.
यादी चाळीसवर संपत होती.
एका गुरुवारी कुलूप लावण्याआधी
मी एक्केचाळीस चिकटवला,
आकड्याशेजारी आकडा.
(हा विनोद हलमध्ये सांगणार कुणाला?
फोनवर बहिणीला सांगितला. हसली, मग म्हणाली, काढून टाकतील.
म्हटलं, पगार कुठे आहे?)

त्यानंतर लोक तिथे थांबू लागले,
पाठीमागे हात बांधून, मान तिरकी करून.
एका बापानं मुलाला उचलून दाखवलं,
"सावली बघ त्याची."
नोरीननं क्रमांक पाहिला, चष्मा पुसला,
"थोडा वाकडा लागलाय," एवढंच म्हणाली.
वाकडाच होता.

मे संपता संपता लाकडी खोकी आली.
ओठ कापसात निजले, मीठ झाडून बादलीत गेलं,
समुद्र बटण दाबून विझवला.
खोकी भरणारा पोरगा यादी घेऊन फिरत होता,
"एक्केचाळीस कशात जायचा?"
पक्कड लावून त्यानं आकडा ओढून पाहिला.
भिंतीनं सोडला नाही.
"तो इथलाच," मी म्हटलं.
त्यानं यादीवर काहीतरी खरडलं,
'स्थानिक' असेल, किंवा 'गहाळ'.

जाकीट परत द्यायचं होतं, दिलं नाही अजून.
तीनदा धुऊन झालं,
दोरीवर वाळतंय.
ऐकत नाही.