ग्राहकाचे नाव

छपरावर आता सहा काळ्या फळ्या,
केप्याच्या उन्हाकडे तोंड करून.
त्यांच्यासाठी फणसाची एक फांदी तोडावी लागली;
सत्यवती दोन दिवस बोलली नाही.

सबसिडीचा अर्ज मात्र तिनेच भरला.
फळ्यांची, वायरीची, नव्या मीटरची,
कौलं उतरवणाऱ्या दोन गड्यांचीसुद्धा पावती
बिस्किटांच्या डब्यात, तारखेवार.

वीज खात्याच्या खिडकीत फातर्पेकर म्हणाले,
सगळं बरोबर, पण हे भिकू शाबा वेळीप कोण?
वडील.
त्यांची सही लागेल.
ते वारले. एकवीस वर्षं झाली.
आणि बिल?
भरतो की. दर महिन्याला त्यांच्याच नावाने येतं.

मग नावबदल. त्याला मृत्यूचा दाखला.
दाखल्यात भिकू,
पोर्तुगीज दप्तरात सी घालून बिकू,
शाबाच्या सुरुवातीला एक्स.
हे दोघे एकच माणूस होते
असं मी स्टँपपेपरवर शपथेवर सांगितलं.
मग घराचा कागद.
घर आमचं, जमीन भाटकाराची.
आणि ऊन? सत्यवतीने विचारलं.
फातर्पेकरांनी फॉर्म उलटून पाहिला, खरोखरच पाहिला.
रकाना नव्हता.

गावात तारा आल्या तेव्हा बाबांनी
एकच दिवा घेतला होता, चाळीसचा.
जेवणं उरकली की स्वतः उठून मालवायचे.
बोलायला उजेड कशाला, म्हणायचे,
आणि मग अंधारात कितीतरी वेळ
सुपारीचे भाव, शेजाऱ्याची म्हैस,
कुशावतीला आलेलं पाणी.
आईचा हुंकार यायचा अधूनमधून;
तो थांबला की तेही थांबायचे.
त्या वाचलेल्या युनिटांचा
कुठे दाखला मिळतो, कुणास ठाऊक.

चौथ्या हेलपाट्याला काम झालं.
फातर्पेकरांनी लाल शाईने
बाबांच्या नावावर एक रेघ मारली, पट्टी लावून, सरळ,
आणि वर माझं लिहिलं.
मी सही केली. पेन त्यांचंच होतं,
ते परत द्यायचं राहिलं, खिशातच आलं.

पैसे जमा झाले, थोडे कमी का होईना.
गेल्या महिन्यात आमच्याच छपरावरची
बावीस युनिटं खात्याकडे गेली.

फक्त रीडिंग घ्यायला येणारा पोरगा
अजून फाटकातूनच हाक मारतो,
भिकूऽऽ
आणि मी ओ देतो.