शीग

औसा रोडवरच्या इको-खोलीत दुपारचे तीन.
मन्मथअप्पा डाव्या कुशीवर, हात उशाखाली,
गळ्यातलं लिंग मुठीत धरलेलं.
"हे जरा बाजूला सारलं तर जमल ना?"
जमतं, मी म्हणते. जेल थंड आहे, दचकू नका.

चाळीस वर्षं लातूरच्या मोंढ्यात मापाडी.
आधी पायली, मग तराजू,
मग आकडे स्वतःच उजळणारा काटा,
ज्याला मापाड्याची गरज नव्हती.
उजवा खांदा अजून बोटभर खाली आहे.

पूर्वी आम्ही दोनच बाजूंनी बघायचो.
कप्प्याचे वीस काप करायचे,
भाकरीवर भाकरी ठेवावी तसे रचायचे
आणि धरून चालायचं
की तो सगळीकडून गोल असणार.
थकलेलं हृदय गोल नसतं.
झटका येऊन गेलेल्या अंगाला
जुन्या कणगीसारखं पोट सुटतं.
या नव्या यंत्राला आकार आधी सांगावा लागत नाही,
ते अख्खा कप्पा उचलतं
आणि पडद्यावर फिरवून दाखवतं, मागूनसुद्धा.

श्वास धरा, अप्पा. चार ठोके.
चार ठोक्यांच्या चार फाका,
एकीला एक जोडून कप्पा पुरा होणार.

"लाभ," ते म्हणाले,
मोठ्यानं.
मोंढ्यात पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही.
श्वास सुटला, छाती हलली,
फाका सरकल्या, कप्प्यात आडवी शिवण उमटली,
उसवून घाईत पुन्हा टाचल्यासारखी.
दारातून महानंदा:
"अप्पा, गप पडा की जरा, त्या मोजलाल्यात."

पुन्हा.
या वेळी नुसते ओठ हलले.
लाभ. दोन. तीन. चार.
शिवण नाही.

आता माझं काम: आतल्या कडेवरून रेघ फिरवायची.
पण भिंत गुळगुळीत नसते,
स्नायूंच्या दोऱ्या, सांदी, मधे मधे रक्त साचलेलं.
रेघ दोऱ्यांच्या आतून नेली तर कप्पा लहान,
बाहेरून नेली तर मोठा.
मी बाहेरून नेते. तरी यंत्र थोडं कमीच मोजतं,
हे मी त्यांना सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही.

ते हसले, जेलसकट.
"मंजी तुमचा मापाडी बी आडत्याच्याच बाजूचा."

भरतं एकशे साठ मिलि.
बाहेर पडतं पंचावन्न.
"शेरात सांगा."
मला येत नव्हतं. त्यांनीच लावलं:
शेराचं मापटं, मापट्याचं चिपटं,
चिपट्याचं कोळवं, कोळव्याचं निळवं.
"कोळवंभर येलालंय, वर शीग,
आन् जालालंय निळवंभर."
थोडा वेळ छताकडे बघत राहिले.
"उरलेलं कुणाचं?"

आत राहतं, मी म्हणाले.
पुढच्या ठोक्याला नवं येतं ते त्याच्यावरच.

"आमच्यात खाली सांडलेलं
झाडणाऱ्या बायांचं असायचं.
धुरपता, गयाबाई, दोघी सुपं घेऊन बसायच्या.
मी जाणून थोडं सांडायचो.
मापात पाप म्हना पायजे तर."

रिपोर्टच्या फॉर्मवर उरलेल्यासाठी चौकट आहे.
एकशे पाच लिहिलं.
त्याखाली टक्के, चौतीस.
त्याखाली माझी सही, तिला कसला आकार नाही.

गोळ्या वाढतील, मीठ कमी, पायांची सूज रोज बघायची,
हे महानंदाला दोनदा सांगितलं,
तिनं हाताच्या तळव्यावर पेनानं लिहून घेतलं.
अप्पांनी छाती पुसली, लिंग जागेवर आलं,
सदऱ्याची बटणं एक चुकवून लावली.

जाताना बाहेरच्या माठातून पेला काठोकाठ भरला
आणि पिण्याआधी, न बघता,
काठावरून तळवा फिरवला.
पाण्याला शीग नसते.
थोडं सांडलं, फरशीवर.