पर्याय क

शाहूपुरी, तिसरी गल्ली, अभ्यासिकेचा माळा.
घोरपडे सर फळ्यावर लिहितात:
"चोरीचा पुरावा मिळाला नाही,
म्हणून त्याने चोरी केली नाही."
चूक ओळखा.

क, म्हणतात सगळे बाक.
पुरावा नसणं म्हणजे
उलट सिद्ध होणं नव्हे.
सर खूश, खडू झटकतात.

माझी पेन्सिल तशीच.

गुजरीत आण्णा सतरा वर्षं डाग द्यायचे.
एका दिवाळीत अकरा ग्रॅम कमी भरलं.
डबा उपसला, सदऱ्याची शिवण उसवली,
झारेकऱ्यानं माती चाळली.
काही नाही.
शेठ म्हणाला, "घावलं न्हाई
म्हंजे पचवलं."
त्याच्या वाक्याखाली
अ ब क ड नव्हते.

आईनं त्या रात्री विचारलं नाही.
मीही नाही.
न विचारणं
कशाचा पुरावा धरायचा, सर?

परवा रंकाळ्यावर भेळ खाताना
आण्णा एकदम म्हणाले,
"तुमच्या पेपरात
'माहिती अपुरी' असं उत्तर असतंय का गं?"
असतं.
"बरोबर धरत्यात?"
कधी कधी.

त्यांनी भेळेचा कागद
चारदा घडी घालून
खिशात ठेवला,
रिकामाच.