चौथी किंमत

सावद्याचा तोलकाटा, फैजपूर रस्त्याला.
रात्री अकराला माझा प्रोग्राम अडला.
डावीकडे मी तीन नावं मांडून ठेवली होती,
पाट मांडावेत तशी:
गाडी, भरलेली, रिकामी.
उजवीकडून ओळ यायची स्वल्पविरामांनी बांधलेली,
आणि ज्याची किंमत त्याच्या पाटावर बसायची.

रमजान तडवी असाच घड सोडतो.
दांडा डाव्या हातात, बख्खीचा एक वळसा,
फणीपासून फणी सुटते,
वरची आधी, शेंड्याची शेवटी.
क्रम चुकत नाही त्याचा.
हे मी त्याच्याकडे बघून शिकले असं तोंडी परीक्षेत सांगितलं असतं
तर सरांनी चष्मा काढून पुसला असता.

एकशे सदतिसाव्या ओळीतून चार निघाल्या.
पडद्यावर लाल अक्षरं: किमती जास्त, नावं कमी.
चौथा पाहुणा उंबऱ्यात उभा
म्हणून यंत्राने अख्खी पंगतच उठवली.

उपाय सोपा होता.
चौथ्या जागी नुसती एक आडवी रेघ.
जे नको ते तिच्यावर ठेवायचं,
पुन्हा विचारायचं नाही.
बोट कळीवर होतं.
मग म्हटलं, वाचावं तरी.

वायकोळेकाकांनी एका बोटाने टाइप केलेलं:
यासीन उतरला नव्हता.

यासीन म्हणजे क्लीनर.
रिकाम्या गाडीच्या वजनात झोपलेला,
भरलेली काट्यावर आली तेव्हा चहाला गेलेला.
कोणाच्या तरी बागेतली केळी
त्याच्या झोपेपायी वजा झालेली.

मी फोन लावला. काका, तिथे तीनच आकडे लिहायचे ठरलंय ना?
"मानूस व्हता ना बाई गाडीत. तो कुठी लिहू?"

सकाळी यासीनला एकट्याला काट्यावर उभं केलं.
लाजत होता, चप्पल काढून चढला.
काटा दहाच्या पटीतच बोलतो: पन्नास.
पावती पुन्हा छापली.

मग ओळ बदलली.
गाडी, भरलेली, रिकामी,
आणि शेवटी चांदणी लावून: शेरा.
चांदणीचं नाव उरलंसुरलं पोटात घेतं,
एक असो, सात असोत,
काहीच नसलं तरी कुरकुर नाही.

बहुतेक रात्री ते रिकामंच निघतं.
दोन कंस, मधे काही नाही.
तरी ते बघितल्याशिवाय मी पावती सोडत नाही.

काल होतं:
काट्यावर कुत्री, पिलांसकट. हटेना.